शिकारीचं मटण, भाजलेलं वाटण आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या काळच्या पारधीच्या जेवणावर दोन ओळी लिहिल्या काय आणि पत्रांचा नुसता ढीग लागला. कोणाला आजोबांच्या हातच्या रश्शाची आठवण आली, कोणाला रेसिपी हवीय, आणि एकदोघांनी तर "काकी, जपून लिहा, वनखात्याचे लोकही मासिक वाचतात" असंही कळवलंय. वाचू देत की. प्रश्न थोडे कापून घेतलेत, राग मानू नका.

काकी, आमच्या वाडीत अधूनमधून कोणीतरी रानडुक्कर मारतं आणि वाटा घरपोच येतो. नको म्हटलं तर वाईट दिसतं. पण शिजवताना एक उग्र वास येतो, मुलं खात नाहीत. तो वास कसा घालवायचा?
— एक वाचक, राजापूर तालुका

वास घालवायची रेसिपी मी देणार नाही, वाटा परत पाठवायची देते. सरळ सांगा की घरात डॉक्टरने बंद केलंय, पाहिजे तर माझं नाव सांगा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, २०२२ मध्ये त्यात बदल झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. रानडुक्कर त्यात संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे आणि गुन्हा फक्त बार टाकणाऱ्याचा नसतो, ज्याच्या फ्रीजमध्ये मटण सापडलं त्याचाही असतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जनावर पहिल्या परिशिष्टातलं असेल तर याहून कडक, म्हणजे घोरपडवाल्यांनीही ऐकून ठेवा. ससा, भेकर, साळिंदर, रानकोंबडा, कोणीच सुटलेलं नाही.

मला माहितीय तुम्ही काय म्हणणार, डुकरं एका रात्रीत भाताची नासाडी करतात, सुरण-कणग्या उकरून टाकतात त्याचं काय. ते खरंच आहे आणि त्याचा राग मलाही आहे, पण त्यासाठी वनखात्याकडे नुकसानीचा पंचनामा आणि भरपाईचा अर्ज आहे, तो ताबडतोब करायचा, आठ दिवसांनी आठवण झाल्यावर नाही. अगदीच हैदोस घातला तर मारायच्या परवानगीसाठीही रीतसर अर्ज करता येतो. पण परवानगी मिळाली तरी मेलेलं जनावर सरकारचं होतं, त्याचा वाटा वाडीत फिरत नाही. आणि वाड्यावाड्यांत ही डुकरं बंदुकीने कमी आणि तारेच्या फासकीने जास्त मारली जातात, त्याच फासकीत बिबट्या अडकून तडफडतो आणि मग दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. अशा वाट्याला नको म्हणायला लाज कसली?

दुसरी गोष्ट पोटाची. रानडुकराच्या मांसात ट्रायकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि "आम्ही डीप फ्रीजरला ठेवलं होतं" यावर विसंबता येत नाही कारण जंगली जनावरातल्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत. पाळलेल्या डुकराचं तसं तपासून, कापणाऱ्याकडून स्वच्छ मिळतं, ते आणा. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे ख्रिस्ती घरांत करतात तशी पद्धत सांगते. एक किलो खांद्याचं, चरबीसकट. दहा-बारा बेडगी मिरच्या, मूठभर लसूण, आल्याचा मोठा तुकडा, चमचाभर जिरं, दहा मिरी, दालचिनी, चार लवंगा, हे सगळं माडाच्या व्हिनेगरमध्ये भिजवून त्यातच वाटायचं, पाण्याचा थेंब नाही. मटणाला मीठ-वाटण चोळून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी जाड बुडाच्या टोपात आधी कांदा परतायचा, मग मटण, झाकण, मंद गॅस, स्वतःच्या चरबीत आणि पाण्यात तासभर शिजू दे. आत गुलाबी अजिबात राहता कामा नये. आणि त्या दिवशी खाऊ नका, दुसऱ्या दिवशी खा, व्हिनेगर मुरलं की चव बदलते. सोबत पाव किंवा उकड्या तांदळाचा भात.

काकी, माझो झील स्कॉटलंडाक आसा. थंय दुकानात हरणाचा मटान गावता म्हणता. सुनेन फोनवर इचारल्यान, आई, मालवणी मसालो घालून चलात काय? तिना एकदा केल्यान ता चामड्यासारख्या वातड झाला. माका सांगा, मी तिका सांगतंय.
— एक आवस, मालवण

चलता गे बाय, न चलूक काय झाला! तिकडे ते कायदेशीर आहे, लाल हरीण आणि रो नावाचं छोटं हरीण शिकारीचे नियम पाळून मारतात, तपासणी होऊन दुकानात येतं, त्यामुळे वरच्या उत्तरातली भीती सुनेला नको.

आता वातड का झालं ते. हरणाच्या मटणात चरबी जवळजवळ नसतेच. आपल्या बोकडाच्या तुकड्याला कशी पांढरी कडा असते, ती शिजता शिजता वितळते आणि मटण मऊ राहतं, इथे ते होत नाही. त्यामुळे सुनेने बोकडासारखंच टाकलं असणार, तीन शिट्ट्या आणि गॅस बंद. आधी तिला पाकिटावर भाग कुठला ते वाचायला सांगा. शोल्डर किंवा शँक, म्हणजे खांदा आणि पायाची नळी, हा रश्शाचा माल. लॉइन म्हणजे पाठीचा मऊ पट्टा, तो रश्श्यात टाकला तर पैसे पाण्यात. हॉन्च म्हणजे मांडी, ती मधली, वय कमी असेल तर मऊ नाहीतर रश्श्यात. नुसतं डाइस्ड लिहिलेलं असेल तर सरळ रश्शा करा.

एक किलो खांद्याचं धरा. तुकड्यांवर एक पांढरट चकचकीत पापुद्रा असतो, तो बारीक सुरीने, धार वर करून, एका टोकाला पकडून ओढत काढायचा. कंटाळवाणं काम आहे पण हा पापुद्रा कितीही शिजवा, मऊ व्हायचं नाव घेत नाही, आणि वर आखडून तुकडा वाकडा करतो. जी काय थोडी चरबी दिसेल तीही काढा, ती ताटात थंड झाली की टाळूला चिकटते. मग वाटीभर घट्ट ताक, हळद, मीठ, आलं-लसूण, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. ताकाने उग्रपणा बराच उतरतो.

काढलेल्या चरबीची भरपाई आपण करायची. टोपात चार मोठे चमचे तेल, खोबरेल मिळालं तर उत्तमच, खडा मसाला, दोन कांदे लाल होईपर्यंत, मग ताक निथळून मटण टाकायचं आणि थोडं थोडं करून परतायचं, सगळं एकदम ओतलं तर पाणी सुटतं आणि मटण परतायच्या ऐवजी उकडतं. मालवणी मसाला तीन चमचे, गरम पाणी मटण बुडेल इतकं, झाकणावरही पाणी, आणि गॅस इतका बारीक की वर एखादाच बुडबुडा यावा. अडीच तास, कधी तीन. कुकर असेल तर एक शिट्टी आल्यावर गॅस बारीक करून अर्धा ते पाऊण तास. शिट्ट्या मोजू नका, तुकडा चमच्याने दाबून बघा, तुटला की झालं.

वाटण शेवटी. कांदा आणि खोबरं, तिकडे फ्रोजन खवलेलं मिळतं ते कढईत कोरडंच तांबूस भाजायचं, लसणीच्या पाकळ्या, थोडे धणे, बडीशेप. सुनेला सांगा भाजताना खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद, नाहीतर धुराचा अलार्म वाजून सगळी बिल्डिंग खाली जमा होईल, हे तिकडच्या सगळ्या मालवणी घरांत एकदा तरी होतंच. वाटण घालून दहा मिनिटं उकळी, आणि गॅस बंद करायच्या आधी चार-पाच सोलं, म्हणजे कोकमं. आंबट लागतंच या मटणाला, नुसतं तिखट घातलं तर जड लागतं. सोलं नसतील तर चिंच.

लॉइन आणलाच असेल तर दोन बोटं जाड तुकडे करा, मीठ, मिरपूड, चिमूटभर मसाला, कडक तापलेल्या तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं, मग पाच मिनिटं ताटात झाकून ठेवा. हे पूर्ण करकरीत केलं की कलेजीसारखं लागतं. ज्यांना आत गुलाबी चालत नाही त्यांनी लॉइनच्या वाटेला जाऊ नये. खिमा मात्र पूर्णच शिजवायचा, आतून ७१ अंश सेल्सिअस, तिकडे मांसात टोचायचे थर्मामीटर स्वस्तात मिळतात. आणि एक, शिशाच्या गोळीने मारलेल्या शिकारीचं मांस लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी वारंवार खाऊ नये असं तिकडची अन्नसुरक्षा संस्था सांगते. नातू झाला असेल तर त्याला बोकडच.

माझा भाचा अमेरिकेत आहे, त्याच्या ऑफिसातला एकजण शिकार करतो आणि दरवर्षी याला हरणाचं मटण भेट देतो. विकत घेत नाही, भेटच. खायला हरकत नाही ना?
— एक वाचक, गुहागर

भेट म्हणतोय ते बरोबर आहे, तिकडे शिकार केलेल्या जंगली हरणाचं मांस विकायला बंदी आहे, दुकानात मिळतं ते पाळलेल्या हरणांचं, बरंचसं न्यूझीलंडहून आलेलं. खायला हरकत नाही पण एक प्रश्न त्या मित्राला विचारायला सांगा, की तुझं हरीण कुठल्या भागातलं आणि त्याची टेस्ट केलीस का. हरणांना एक झिजून झिजून मरायचा रोग होतो, १९६७ मध्ये कोलोराडोत पहिल्यांदा दिसला, आता बऱ्याच राज्यांत पसरलाय. माणसाला झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, पण रोगी निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नका असंच तिकडचं आरोग्यखातं सांगतं, आणि हा रोग शिजवून जात नाही हे महत्त्वाचं, आपलं "उकळलं की सगळं मरतं" इथे लागू नाही. ज्या भागात रोग आहे तिथे शिकारी लोक डोकं तपासायला देतात, रिपोर्ट आला की मगच खातात. टेस्ट झालेली असेल तर वरची मालवणची रेसिपी भाच्याला पाठवा.

लहानपणी आजोबांनी आणलेला रानकोंबडा खाल्लाय, ती चव जिभेवरून जात नाही. आता ते शक्य नाही आणि करायचंही नाही. पण गावठी कोंबडा आणला तर तसा होईल का? बायको म्हणते गावठी शिजतच नाही, रबर होतो.
— एक वाचक, चिपळूण

अगदी तसा नाही, पण जवळ जातो. रानकोंबड्याची चव येते कशातून? तो दिवसभर पळतो, किडे-मुंग्या, दाणे, पडलेली फळं खातो, त्यामुळे मांस गडद आणि घट्ट. परसात सोडलेला गावठी तेच करतो. पण बाजारात "गावठी" म्हणून जे विकतात त्यातले निम्मे पिंजऱ्यातले रंगीत कोंबडे असतात, पिसांवर जाऊ नका. पाय बघा, खडबडीत आणि चिखलाचे. छातीच्या हाडाचं खालचं टोक बोटाने दाबून बघा, वाकलं तर कोवळा, कडक असेल तर जून. पायाच्या मागे नखासारखं टोक लांब आलेलं असेल तर आजोबाच समजा. जून वाईट नसतो हां, चव त्याच्यातच, फक्त वेळ मागतो. राखणीला राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, जो दिला जातो तो बहुतेक असाच, आणि त्याच्या रश्श्याला नाव ठेवणारा मला तरी भेटलेला नाही.

दुकानात सोलून घेऊ नका, कातडीसकट घ्या. पिसं काढल्यावर जाळावर फिरवून बारीक लव जाळायची, कातडी जराशी तडतडली, पिवळट-तपकिरी झाली की हळद-पीठ चोळून धुवायचा. शिकारीच्या जेवणाचा तो धुरकट वास अर्धा इथून येतो, मसाल्यातून नाही. गॅसवर केलं तरी चालतं, चुलीवर बेस्ट.

आता रबर. वहिनी बहुतेक वाटण, कोकम, मीठ, सगळं एकदम कुकरला लावत असणार. आधी नुसतं हळद, मीठ, आलं-लसूण-कोथिंबिरीचं हिरवं वाटण आणि चमचाभर तेल लावून तासभर ठेवा, मग भरपूर गरम पाण्यात शिजवा. टोपात दीड तास, जून असेल तर दोन. कुकरला पाच-सहा शिट्ट्या आणि मग दहा मिनिटं बारीक गॅस. हे पाणी वाटीभर काढून मिरपूड टाकून आधीच पिऊन घ्या, जेवण तयार होईपर्यंत माणसं गप्प बसतात. मांस हाडापासून सुटायला लागलं की मगच भाजलेलं वाटण आणि मालवणी मसाला. वाटण काळपट होईपर्यंत भाजायचं, पण जळालं की कडू, त्यामुळे कांदा आणि खोबरं वेगवेगळं भाजा, दोघांना वेळ सारखा लागत नाही. वड्यांबरोबर खा. चपातीबरोबर खाणाऱ्यांशी माझं काही बोलणं नाही.

ताई, अलिबागला आमच्याकडे थंडीत पोपटी लावतो, म्हणजे मडक्यात शेंगा-कोंबडी भाजतो. यंदा मित्र म्हणतायत कोंबडीऐवजी बटेर टाकू. बटेर कायदेशीर आहे का आणि पोपटीत किती वेळ ठेवायची?
— एक वाचक, अलिबाग

फार्मवर पाळलेली जपानी बटेर चालते, तिच्या पालनाला परवानगी आहे. रानातली लाव्ही चालत नाही, तितर तर नाहीच. रस्त्याकडेला कोणी टोपलीत जिवंत पक्षी घेऊन उभा असेल आणि "फार्मचीच आहे" म्हणत असेल तर पुढे जा, फार्मवाल्याकडून बिल घेऊन साफ केलेलीच घ्या.

एक बटेर साफ करून दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माणशी दोन धरा, खाणारे असतील तर तीन. रात्रभर मुरवायची गरज नाही, मांस नाजूक असतं, तासभर पुरे. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, लिंबू, मीठ, आणि थोडं तेल, कारण बटेरलाही चरबी कमीच. पोटात वाटण भरा, पाय दोऱ्याने बांधा, आणि एकेक केळीच्या पानात गुंडाळा. उघडी टाकली तर कोरडी होते आणि शेंगांमध्ये हरवते, अंधारात शोधत बसाल.

मडक्यात खाली भांबुर्ड्याचा, म्हणजे त्या वासाच्या रानझुडपाचा, पाला, मग मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मग बटेर आणि अंडी मध्यभागी, वर पुन्हा शेंगा, आणि तोंड पाल्याने असं ठासून बंद करायचं की उलटं केल्यावर एक शेंग पडता कामा नये. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या. अर्धा-पाऊण तास. मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारा, चर्रकन उडून गेलं की उतरवायचं. आग एका बाजूला वाऱ्याने कमी पडली तर मडकं फिरवता येत नाही, म्हणून आधीच वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन गोवऱ्या लावा. पानं सोडल्यावर मांडी दाबून बघा, पाणी लाल आलं तर पक्षी तेवढे काढून घरी तव्यावर पाच मिनिटं. पक्ष्याच्या मांसाला आतून ७४ अंश हवंच. बाकी, भांबुर्ड्याशिवाय पोपटी लावणाऱ्या शहरी मंडळींना माझा नमस्कार, ती पोपटी नव्हे, उकडलेल्या शेंगा.

मटण लवकर शिजायला कच्ची पपई किती घालावी?
— एक वाचक, दापोली

किलोला दोन चमचे किसलेली, सालीसकट, आणि अर्धा-एक तासच. रात्रभर ठेवलीत तर वरचा भाग पिठूळ होतो आणि आतला तसाच. जून कोंबड्याला मी घालत नाही, त्याला वेळच द्या.

काकी, घरात सगळे मटणवाले आणि धाकटी सून शाकाहारी. बाकीच्यांचं शिकारी थाटाचं जेवण असताना तिच्या पानात वरण-भात वाढायला कसंतरी वाटतं. काय करू?
— एक सासू, देवगड

फणसाची कुयरी. एप्रिलच्या आत, आठळी धरायच्या आधीची. हाताला आणि सुरीला खोबरेल लावून मोठे तुकडे करा, मटणाच्या तुकड्याएवढे, हळद-मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडून निथळा, मग तेलात कडा लाल होईपर्यंत तळसून घ्या. हे तळसणं टाळू नका, नाहीतर ती नुसती भाजी होते. पुढे तेच भाजलेलं वाटण, तोच मसाला, शेवटी सोलं. भिजवलेले ओले काजूगर मिळाले तर मूठभर टाका. फक्त वाटण करताना मटणाचा आणि तिचा डाव वेगळा ठेवा आणि तिचं टोप आधी चढवा, कारण एकदा वास सुटला की मटणवालेही "जरा चव बघतो" म्हणत तिकडेच येतात आणि तिला उरत नाही, तेव्हा कुयरी दुप्पट घ्या.